पावती प्रोग्रामचा भाषाबदल: विंडोचं टायटल आणि कंट्रोलवरचा मजकूर (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५

सत्तरी तालुक्यातल्या एका खरेदी संस्थेचा पावती प्रोग्राम. काजूबी, सुपारी, मिरी, आमसुलं घ्यायची, काट्यावरून वजन उचलायचं, पावती छापायची, खात्याला लावायची. सी++ मध्ये थेट विन३२ वर (विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांवर) लिहिलेला, मधे एमएफसी वगैरे तयार लायब्ररी काही नाही. मागणी एका ओळीची आहे: मेनूतून मराठी, कोंकणी किंवा इंग्रजी निवडली की प्रोग्राम बंद न करता सगळ्या विंडोंची टायटलं, बटणं, लेबलं आणि मेनू त्या भाषेत दिसावेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं गोव्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामाला मराठीही चालते. हिशेब तपासणीचे कागद मात्र इंग्रजीतच फिरतात. म्हणून एकाच काउंटरवर तिन्ही लागतात, आणि दिवसातून बरेचदा इकडून तिकडे जावं लागतं. बियांचा मोसम आटोपलाय, सुपारीला अवकाश आहे, तेव्हा चवथीच्या आधी हे उरकायचं.

पहिला आढावा. सेटविंडोटेक्स्ट आणि सेटडीएलजीआयटमटेक्स्ट या मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनांचे कॉल कोडभर पसरलेत, मजकूर तिथेच अवतरणचिन्हांत. हे अपेक्षित होतं. त्रासाची गोष्ट वेगळीच आहे. बऱ्याच ठिकाणी कंट्रोलवरचा (बटण, लेबल, रकाना वगैरेंवरचा) मजकूर परत वाचून त्यावरून निर्णय घेतलाय. बटणावर "थांबवा" लिहिलंय का ते बघून काट्याचं वाचन चालू की बंद हे ठरतं. कॉम्बोमधलं (निवडीच्या यादीतलं) तालुक्याचं नाव तसंच्या तसं फाइलमध्ये जातं. स्क्रीनवरची अक्षरं हीच प्रोग्रामची आठवण होऊन बसलीत. अक्षरं बदलणं सोपं आहे, ही गाठ सोडवणं हेच खरं काम.

त्यामुळे आधी नियम ठरवला: कंट्रोलवर मजकूर लिहायचा, तिथून वाचायचा नाही. अपवाद दोनच: माणसानं एडिट बॉक्समध्ये टाइप केलेलं, आणि काट्याच्या प्रोग्रामच्या विंडोतलं वजन.

४ जून

लेबलं मराठीत आणि टायटलं इंग्रजीत असं का, याचा उलगडा झाला. लेबलांचा मजकूर युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची प्रमाण पद्धत) नाहीच. जुन्या पद्धतीचा देवनागरी फॉन्ट आहे, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. प्रत्येक कंट्रोलला डब्ल्यूएम_सेटफॉन्ट या संदेशानं तो फॉन्ट दिला की काम भागतं. टायटल बार मात्र विंडोज स्वतःच्या कॅप्शन फॉन्टमध्ये रंगवतं, तिथे हा फॉन्ट लावता येत नाही. तसला मजकूर टायटलला दिला तर कच्ची रोमन अक्षरंच दिसणार. म्हणून तेव्हा टायटलं इंग्रजीत ठेवली असणार, आणि तेव्हाच्या मानानं ते बरोबरच होतं.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. परिवर्तक चालवल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागते; जुन्या फॉन्टमध्ये ती दिसण्याच्या क्रमानं साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. "मिरी" आणि "खर्च" हे दोन शब्द प्रत्येक डायलॉगात शोधून पाहिले की निम्म्या चुका तिथेच सापडतात.

सावध राहायची जागा: मजकूर युनिकोड झाला पण कंट्रोलवर जुना फॉन्ट तसाच राहिला, तर देवनागरी ठीक दिसते, कारण फॉन्टमध्ये ती चिन्हं नाहीत म्हणून विंडोज दुसऱ्या फॉन्टकडे वळतं. बिघडतात ते आकडे, कंस आणि रोमन अक्षरं, कारण ती त्या फॉन्टमध्ये "आहेत". "दर (किलो)" मधले कंस विचित्र मात्रा होऊन बसले की समजावं, डब्ल्यूएम_सेटफॉन्टची जुनी ओळ कुठेतरी शिल्लक आहे.

६ जून

मराठी टायटल देऊन पाहिलं. तीन विंडोंमध्ये तीन तऱ्हेचा कचरा आला. तिन्हींचं कारण निराळं आहे आणि कचरा बघूनच ते ओळखता येतं, म्हणून तपशिलानं लिहून ठेवतोय.

मुख्य विंडोत "पावती" ऐवजी "?????". या विंडोचा क्लास (साचा) नोंदवताना रजिस्टरक्लासची आन्सी, म्हणजे युनिकोड नसलेली जुनी, आवृत्ती वापरलीय. अशा विंडोला युनिकोड सेटविंडोटेक्स्टनं मजकूर दिला तरी वाटेत तो सिस्टिमच्या आन्सी कोडपेजमध्ये (अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) बदलला जातो. मराठी आणि कोंकणीला विंडोजमध्ये आन्सी कोडपेजच नाही, त्यामुळे प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह. प, काना, व, त, वेलांटी अशी पाच. हा मजकूर कायमचा गेलेला असतो. फॉन्ट बदलून परत येत नाही.

नोंद विंडोत "पावती नोंद" दिलं तर टायटलमध्ये *, >, 5, $, @ आणि मधे मोकळी जागा. क्लास युनिकोड नोंदवलाय, पण विंडो प्रोसीजर (विंडोला आलेले संदेश हाताळणारं फंक्शन) ज्या फाइलमध्ये आहे तिथे युनिकोडचा मॅक्रो नाही, म्हणून शेवटी डेफविंडोप्रॉक या विंडोजच्या ठरावीक प्रोसीजरची आन्सी आवृत्ती बोलावली जाते. तिला यूटीएफ-१६ चे (विंडोज युनिकोड ज्या रूपात साठवतं त्याचे) बाइट एकेक अक्षर वाटतात. प म्हणजे ०९२ए, मेमरीत २ए आणि ०९. २ए म्हणजे चांदणी, ०९ म्हणजे टॅब. कान्याचं ३ई म्हणजे >, व चं ३५ म्हणजे 5. पुढे स्पेस येते, तिचे बाइट २० आणि ००. शून्य आलं की मजकूर संपला. "नोंद" कधी दिसतच नाही. इंग्रजीत हाच दोष पहिल्या अक्षरानंतर शून्य येत असल्यामुळे एकाच अक्षराच्या टायटलच्या रूपात दिसतो, आणि तो बऱ्याच जणांच्या ओळखीचा असतो. देवनागरीत तो पहिल्या स्पेसपर्यंत चालतो म्हणून ओळखू येत नाही.

शोध विंडोत प्रत्येक देवनागरी चिन्हामागे तीन युरोपी चिन्हं, दुसरं नेहमी ¤ किंवा ¥. इथे विंडोचा काही दोष नाही. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोड असल्याची खूण) नाही, आणि कंपायलरनं ती १२५२ या पश्चिम युरोपी कोडपेजची समजून वाचली. प्रोजेक्टला यूटीएफ-८ चा कंपायलर स्विच लावला.

चौथी तऱ्हा म्हणजे चौकोन, पण ती इथे आली नाही. तसं झालं तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही.

उपाय सरसकट: युनिकोड आणि अंडरस्कोअर-युनिकोड हे दोन्ही मॅक्रो प्रोजेक्ट पातळीवर, फाइलमधले वेगळे डिफाइन काढून टाकले, आणि प्रत्येक विंडो तयार झाल्यावर डीबग बिल्डमध्ये (तपासणीसाठीच्या आवृत्तीत) इझविंडोयुनिकोड तपासून नसेल तर थांबायचं. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) प्रोसेसचं कोडपेज यूटीएफ-८ करण्याचा मार्गही आहे, पण तो विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून पुढे, जीडीआयला (विंडोजच्या चित्र काढणाऱ्या भागाला) तो लागू होत नाही, आणि गोदामातल्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे. सोडून दिला.

१० जून

मजकुराची जागा ठरली. इंग्रजी स्ट्रिंगटेबल (आयडी आणि मजकुराचा तक्ता) मुख्य प्रोग्राममध्ये, मराठी आणि कोंकणीसाठी फक्त रिसोर्स (मजकुरासारखा साठवलेला डेटा) असलेली एकेक डीएलएल म्हणजे जोडफाइल, नोएंट्री स्विचनं लिंक केलेली. भाषा बदलली की लोडलायब्ररीइएक्सनं डेटाफाइल म्हणून उघडायची आणि तिच्यातून लोडस्ट्रिंगनं मजकूर घ्यायचा.

एकाच फाइलमध्ये तिन्ही भाषांचे ब्लॉक ठेवणं टाळलं, त्याला कारण आहे. स्ट्रिंगटेबल सोळा-सोळा स्ट्रिंगांच्या गठ्ठ्यांत साठवलं जातं आणि भाषेची निवड गठ्ठ्याच्या पातळीवर होते. कोंकणीच्या गठ्ठ्यात एक स्ट्रिंग राहून गेली तर ती इंग्रजीतून येत नाही, रिकामी येते. वेगळ्या डीएलएल असल्या की लोडस्ट्रिंगनं शून्य दिलं तर आपण स्वतः मुख्य प्रोग्रामकडे जाऊ शकतो. डीबग बिल्डमध्ये अशा वेळी मजकुराच्या जागी स्ट्रिंगचा आयडी दोन उद्गारचिन्हांत दाखवतो, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला काय राहिलंय ते स्क्रीनवरच दिसतं.

लोडस्ट्रिंगला बफरची लांबी शून्य दिली तर ते कॉपी न करता थेट रिसोर्समधला पत्ता देतं. जलद आहे, पण त्या मजकुराच्या शेवटी शून्य नसतं. लांबी परतीच्या किमतीत मिळते. तो पत्ता सरळ सेटविंडोटेक्स्टला दिला तर बटणावर पुढच्या दोन-चार स्ट्रिंगाही चिकटून येतात. आधी कॉपी, मग सेट.

रिसोर्स फाइल यूटीएफ-८ असेल तर तिच्या डोक्यावर कोडपेज ६५००१ (यूटीएफ-८) चा प्रॅग्मा, म्हणजे सूचनेची ओळ, हवा. कंपायलरचा स्विच रिसोर्स कंपायलरला कळत नाही.

१३ जून

डायलॉगातली सगळी कंट्रोलं फिरून मजकूर भरणारं एकच फंक्शन. योजना साधी: कंट्रोलचा आयडी तोच स्ट्रिंगचा आयडी. दोन अडचणी आल्या.

पहिली, रिसोर्स एडिटर सगळ्या लेबलांना एकच आयडी देतो, उणे एक. लेबलाला एरवी कोणी हाक मारत नाही म्हणून चालून जातं. इथे प्रत्येक लेबलाला स्वतःचा आयडी द्यावा लागला. कंटाळवाणं काम, पण पर्याय नाही. जागेवरून किंवा क्रमावरून लेबल ओळखणारं कोड पुढच्या बदलाला मोडतं.

दुसरी जास्त फसवी. एनमचाइल्डविंडोज हे कंट्रोलं फिरणारं फंक्शन डायलॉगच्या पोरांबरोबर (थेट आतल्या कंट्रोलांबरोबर) नातवंडंही मोजतं. टाइप करता येणाऱ्या कॉम्बोबॉक्सच्या पोटात एक एडिट असतो आणि त्याचा आयडी नेहमी १००१. आपल्या स्ट्रिंगटेबलात १००१ म्हणजे "पावती छापा". भाषा बदलली की सभासदाच्या नावाच्या कॉम्बोत "पावती छापा" उमटायचं. गेटविंडोनं पहिलं अपत्य आणि मग पुढचं भावंड असं फिरलं की फक्त थेट कंट्रोलं मिळतात. शिवाय आपले आयडी २००० पासून सुरू केले, आणि क्लासचं नाव तपासून एडिटला हात न लावण्याची अट घातली. माणसानं टाइप केलेलं पुसणं हा भाषाबदलात सगळ्यात मोठा गुन्हा.

१७ जून

तालुक्याचा कॉम्बो. बारा तालुके, तिन्ही भाषांत नावं वेगळी: मराठी डिचोली, कोंकणी दिवचल, सासष्टी आणि साश्ट, पेडणे आणि पेडणें, बार्देश आणि बारदेस. जुनं कोड गेटविंडोटेक्स्टनं नाव उचलून फाइलमध्ये लिहीत होतं आणि उघडताना तेच नाव कॉम्बोत शोधत होतं. मराठीत भरलेली नोंद कोंकणीत उघडली तर नाव सापडणार नाही, कॉम्बो रिकामा, आणि "जतन करा" दाबलं की तालुका पुसला.

आता प्रत्येक ओळीला सीबी_सेटआयटमडेटानं तालुक्याचा क्रमांक चिकटवलाय, फाइलमध्ये क्रमांकच जातो. भाषा बदलताना: सध्याचा क्रमांक वाचा, सीबी_रीसेटकंटेंट, नव्या नावांनी भरा, क्रमांक शोधून सीबी_सेटकरसेल. कॉम्बोला सॉर्टची शैली आहे, त्यामुळे भाषेगणिक ओळींचा क्रम बदलतो. ओळीचा इंडेक्स लक्षात ठेवून चालणार नाही. डेटा चिकटवतानाही सीबी_अॅडस्ट्रिंगनं परत दिलेला इंडेक्सच वापरायचा.

फक्त निवड करता येणाऱ्या कॉम्बोला सेटविंडोटेक्स्ट लागूच पडत नाही. कोडमध्ये असे कॉल होते, काहीच करत नव्हते. काढले.

जुन्या फाइलींसाठी एकदाच चालवायचं परिवर्तन लिहिलं. त्यात "डिचोली", "डीचोली", "बिचोली" असं सगळं निघालं. कॉम्बो आधी टाइप करता येणारा होता, त्याचा हा प्रसाद.

२० जून

वजन, दर आणि रक्कम ही तीन एडिट. वजन बदललं की रक्कम काढायची. रक्कम हातानं बदलली की दर उलटा काढायचा. सेटविंडोटेक्स्टनं मजकूर घातला तरी एक ओळीचा एडिट ईएन_चेंज (मजकूर बदलल्याचा संदेश) पाठवतोच, म्हणजे प्रोग्रामनं घातलं की माणसानं, हे त्या संदेशावरून कळत नाही. परिणाम: रक्कम भरली, तिनं दर बदलला, दरानं पुन्हा रक्कम, आणि पैशांच्या पूर्णांकीकरणात दोन्ही आकडे हळूहळू सरकत राहिले.

शेऱ्याच्या रकान्यात हे होत नव्हतं, कारण तो अनेक ओळींचा आहे, आणि अनेक ओळींच्या एडिटला डब्ल्यूएम_सेटटेक्स्टनं मजकूर दिला तर ईएन_चेंज येत नाही. हा फरक लक्षात नसला की शोध भलतीकडे जातो.

मजकूर भरण्यापूर्वी एक ध्वज उभा करायचा, भरून झाल्यावर उतरवायचा. ईएन_चेंजच्या हँडलरात ध्वज असेल तर परत फिरायचं. टायटलमधली "जतन बाकी" ची चांदणीही याच ध्वजामुळे नोंद नुसती उघडल्यावर लागायची थांबली.

बरोबरच दोन गोष्टी. सेटविंडोटेक्स्टनंतर एडिटची अनडू पुसली जाते, म्हणून टाइप करत असताना त्याच रकान्यात परत लिहू नये. आणि शेऱ्यात ओळ मोडायला सीआर आणि एलएफ ही दोन्ही चिन्हं लागतात; नुसत्या एलएफवर ओळी चिकटतात.

२४ जून

सांजांव (सेंट जॉनचा सण), दुपारनंतर सगळं शांत. किरकोळ कंट्रोलं उरकली. सेटविंडोटेक्स्ट ज्यांना चालत नाही त्यांची यादी: लिस्टव्ह्यूच्या ओळींना एलव्हीएम_सेटआयटमटेक्स्ट, त्याच्या स्तंभांच्या मथळ्यांना एलव्हीएम_सेटकॉलम, टॅबला टीसीएम_सेटआयटम, स्टेटसबारच्या कप्प्यांना एसबी_सेटटेक्स्ट. मेनूला सेटमेनूआयटमइन्फो, आणि वरच्या पट्टीतला शब्द बदलला असेल तर शेवटी ड्रॉमेनूबार, नाहीतर माउस वरून नेईपर्यंत जुनाच शब्द दिसतो. मेनूतल्या मजकुरात टॅबनंतर शॉर्टकट लिहिलेला असतो. भाषांतराच्या तक्त्यात तो ठेवला नाही, प्रोग्राम जोडतो.

२७ जून

दिसण्याच्या तक्रारी.

एकूण रकमेच्या लेबलावर नवा आकडा जुन्यावरच उमटतो. डब्ल्यूएम_सीटीएलकलरस्टॅटिकला उत्तर म्हणून पोकळ ब्रश दिलाय, त्यामुळे स्टॅटिक स्वतःची पार्श्वभूमी पुसत नाही. पार्श्वभूमी सपाट रंगाची आहे, तेव्हा त्याच रंगाचा ब्रश परत दिला आणि विषय संपला. मागे चित्र असतं तर लेबलाचा आयत डायलॉगच्या मापात आणून डायलॉगचा तेवढा भाग इनव्हॅलिडेट करावा लागला असता, मजकूर बदलण्याच्या आधी.

भाषा बदलताना डायलॉग लुकलुकतो. डब्ल्यूएम_सेटरीड्रॉ बंद, सगळे मजकूर, पुन्हा चालू, मग रीड्रॉविंडो फ्रेम आणि पोरांसकट. हे फक्त दिसत असलेल्या विंडोलाच करायचं. चालू करताना डेफविंडोप्रॉक विंडोवर दृश्यतेचा बिट लावतो, त्यामुळे लपवून ठेवलेली शोध विंडो न बोलावता हजर होते.

अक्षरं कापली जाणं हा सर्वात पसरलेला दोष. लेबलाची रूढ उंची ८ डायलॉग युनिट, ती डायलॉगच्या मूळ फॉन्टच्या मापावर. देवनागरी येते निर्मला यूआयमधून, विंडोज ७ वर मंगलमधून, आणि दोन्ही मूळ फॉन्टपेक्षा उंच आहेत. "किंमत" चा अनुस्वार वरून जातो, "गुरू" चा उकार खालून. लेबलं ११ युनिट केली. विंडोज ७ वर तपासल्याशिवाय उंची पक्की धरायची नाही. बटणांची रुंदी मजकूर भरल्यावर बीसीएम_गेटआयडियलसाइझ विचारून, तिन्ही भाषांतली मोठी घेऊन एकदाच ठरवली. भाषेगणिक बटणं जागा बदलायला लागली तर काउंटरवरच्या माणसाचा हात चुकतो.

१ जुलै

प्रोग्राम अधूनमधून गोठतो ही जुनी तक्रार होती, तिचं मूळही मजकुरातच निघालं. काट्याचं वाचन वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या समांतर धाग्यावर) चालतं आणि तो थ्रेड थेट सेटविंडोटेक्स्टनं वजन दाखवतो. सेटविंडोटेक्स्ट म्हणजे आतून विंडोच्या मालक थ्रेडला पाठवलेला संदेश, आणि उत्तर येईपर्यंत पाठवणारा थांबतो. "थांबवा" दाबलं की मुख्य थ्रेड वाचनाचा थ्रेड संपायची वाट बघत बसतो. त्याच क्षणी वाचनाचा थ्रेड मुख्य थ्रेडच्या उत्तराची. दोघे एकमेकांच्या दारात.

पोस्टमेसेजनं डब्ल्यूएम_सेटटेक्स्ट पाठवता येत नाही; पॉइंटर वाहणारे सिस्टिम संदेश असे टाकता येत नाहीत, ११५९ क्रमांकाची चूक येते. म्हणून डब्ल्यूएम_अॅप अधिक एक हा स्वतःचा संदेश, त्यात वजन ग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून. मजकूर मुख्य थ्रेडवरच तयार होतो, चालू भाषेत, आणि आधीच्यापेक्षा वेगळा असेल तरच सेट होतो. ही तुलना महत्त्वाची. प्रत्येक सेटविंडोटेक्स्ट नावबदलाची सूचना सोडतो, स्क्रीन रीडर ती वाचायला घेतो, आणि स्थिर वजनसुद्धा पुन्हा पुन्हा बोललं जातं.

४ जुलै

दुसऱ्या काउंटरवर काटा त्याच्या सोबत आलेल्या प्रोग्राममधूनच चालतो, वजन त्याच्या विंडोतल्या एडिटमधून उचलायचं. गेटविंडोटेक्स्ट तिथे रिकामं उत्तर देतं. दुसऱ्या प्रोसेसच्या विंडोला ते संदेश पाठवतच नाही, विंडोज जवळ ठेवलेलं कॅप्शन तेवढं वाचतं. समोरचा प्रोग्राम गोठला असला तरी विचारणारा अडकू नये म्हणून. एडिटचा मजकूर हवा तर डब्ल्यूएम_गेटटेक्स्ट स्वतः पाठवावा लागतो, आणि तो सेंडमेसेजटाइमआउटनं, २०० मिलिसेकंद, गोठला असेल तर सोडून द्या या पर्यायासह. पावसात वीज गेली-आली की काट्याचा प्रोग्राम पोर्टवर अडकून बसतो. साधा सेंडमेसेज आपल्यालाही त्याच्याबरोबर अडकवेल.

पॉइंटर घेऊन जाणारे हे संदेश प्रोसेसची भिंत ओलांडतात कारण विंडोज स्वतः मजकूर पलीकडे नेतं. लिस्टव्ह्यूच्या संदेशांना ही सोय नाही. तिथे आपला पॉइंटर पलीकडच्या मेमरीत भलतीकडे दाखवतो आणि समोरचा प्रोग्राम कोसळू शकतो.

८ जुलै

टायटलची रचना. नोंद आधी, प्रोग्रामचं नाव शेवटी, चांदणी सर्वात पुढे, कारण टास्कबार शेपूट कापतो. जोडणी फॉरमॅटमेसेजनं, %१ आणि %२ अशा क्रमांकित जागांनी. इंग्रजीत वजन आधी आणि नाव नंतर, मराठीत "अमुक यांच्याकडून इतके किलो". साध्या प्रिंटफच्या पद्धतीनं हा क्रम भाषांतरात उलटवता येत नाही.

"ओलाव्याची ५% कपात" मधलं टक्क्याचं चिन्ह गायब झालं. फॉरमॅटमेसेजला टक्क्यानंतरची स्पेस म्हणजे नुसती स्पेस. दोन टक्के लिहावे लागतात.

देवनागरी आकडे फक्त दाखवताना: शून्य ते नऊच्या कोडमध्ये ठरावीक फरक मिळवला की ०९६६ पासूनचे आकडे मिळतात. एडिटमध्ये मात्र इंग्रजी आकडेच ठेवले. कीबोर्डच्या नंबरपॅडवरून तेच येतात.

११ जुलै

अँपरसँड. बटणाच्या मजकुरात तो पुढच्या अक्षराला ऑल्टची किल्ली बनवतो. देवनागरी अक्षराला तशी किल्ली दिली तर कीबोर्ड त्या क्षणी इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असायला हवा, आणि काउंटरवर तो तसा असेलच याची खात्री नाही. म्हणून बटणाच्या शेवटी कंसात रोमन अक्षर, तिन्ही भाषांत तेच. माणसाची बोटं भाषा बदलत नाहीत. सभासदाच्या नावात अँपरसँड येऊ शकतो, "ब्रदर्स अँड सन्स" छापाची खाती आहेतच. असं नाव दाखवणाऱ्या लेबलांना एसएस_नोप्रीफिक्स शैली.

मेसेजबॉक्सची बटणं विंडोजच्या भाषेत येतात, आपल्या नाही. टास्कडायलॉगइनडायरेक्टमध्ये बटणांचा मजकूर देता येतो, ते वापरलं. त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये कॉमन कंट्रोल्सची ६ वी आवृत्ती मागावी लागते. विसरलं तर प्रोग्राम उघडतानाच ऑर्डिनल ३४५ सापडत नाही म्हणून बंद पडतो. फाइल निवडायची खिडकी विंडोजच्याच भाषेत राहू दिली.

१५ जुलै

चाचणीत मराठी करून ठेवलेल्या प्रोग्रामच्या आयकॉनवर दुसऱ्यांदा क्लिक केलं तर दुसरी प्रत उघडली. "आधीच चालू आहे का" ही तपासणी फाइंडविंडोला इंग्रजी टायटल देऊन होत होती. आता नाव दिलेला म्युटेक्स (एका वेळी एकाच प्रतीकडे राहणारं कुलूप), आणि आधीची विंडो पुढे आणायची असेल तर क्लासच्या नावानं शोध.

हाच आजार प्रोग्रामच्या बाहेरही निघाला. रात्रीच्या बॅकअपची बॅच फाइल टास्ककिल या कमांडला विंडोचं टायटल देऊन प्रोग्राम बंद करते आणि मग डेटाची कॉपी घेते. टायटल बदललं की टास्ककिलला काही सापडत नाही, कॉपी उघड्या फाइलीची होते, आणि बॅच काही तक्रार करत नाही. गाळणी इमेजच्या (प्रोग्रामच्या फाइलच्या) नावावर नेली, सक्तीचा स्विच काढला म्हणजे प्रोग्रामला डब्ल्यूएम_क्लोज मिळून तो फाइल नीट मिटेल, आणि मिटेपर्यंत थांबण्याची ओळ घातली. चांदणी लागलेली असताना "जतन करायचं का" हा प्रश्न रात्री कोणी उत्तर द्यायला नसतो. त्यासाठी दोन मिनिटांनी मसुदा म्हणून जतन करून बंद होण्याची वाट ठेवली.

१८ जुलै

अहवालांचं छोटं साधन सी शार्पच्या विनफॉर्म्समध्ये आहे. तिथे फॉर्मचं "लोकलायझेबल" चालू करून प्रत्येक कंट्रोलला अप्लायरिसोर्सेस, फॉर्मला स्वतःला डॉलर-धिस या नावानं. कंट्रोलच्या आत कंट्रोल असतील तर आत शिरावं लागतं, आपोआप होत नाही. तोटा एक: मजकुराबरोबर माप आणि जागाही रिसोर्समधून परत लागते, त्यामुळे माणसानं ओढून मोठी केलेली खिडकी भाषा बदलली की मूळ मापावर उडी मारते. माप आधी उचलून ठेवून नंतर परत दिलं. पेरणीच्या कर्जाच्या अहवालात स्तंभांचे मथळे ग्रिडच्या बांधणीत आहेत, ते अजून इंग्रजीत. त्यांना वेगळा फेरा लागेल. वाळपईच्या काउंटरवर प्रत सोमवारी चढवायची, गोदामातल्या विंडोज ७ वर त्यानंतर, मंगल फॉन्टमध्ये बटणांची उंची पुन्हा बघून.